ओलांडले, धरू नको

शाळेची बस चुकली म्हणून मी चौकात दुसरीची वाट बघत उभी होते, तर समोरून एक बस आली आणि तिच्या अंगभर, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक हरीण होतं. हसणारं. हरणाला हसता येत नाही, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी नाही, पण याला कुणीतरी टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात बसवले होते. पोटाशी पिल्लू, आणि वर ढब्बू अक्षरांत ‘आम्ही परत आलो!’ आधी मला नुसता दातांचा राग आला. मग लक्षात आलं की पिल्लू पोटाशी आहे म्हणजे ही आई आहे, आणि आईच्या डोक्यावर भलीमोठी पिळाची शिंगं! आमच्या माळहरणीला शिंगं नसतात. नसतात म्हणजे नसतात. शिंगं असतात नराला, आणि ती एकदा आली की मरेपर्यंत राहतात, दरवर्षी गळून पुन्हा येत नाहीत. म्हणून तर नावात हरीण असलं तरी ते खरं म्हणजे कुरंग. हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून माहीत आहे. बसवरची जाहिरात बाबाच्या वनखात्याची, प्राणी बाबाच्याच खात्याचा, आणि चित्र काढण्याआधी एक फोन करून विचारावं असं एकालाही वाटलं नाही. बस सिग्नलला थांबली. खिडकीतून, म्हणजे बरोबर हरणीच्या डोळ्याच्या जागेतून, एक बाई केळं खात माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने केळं खाली घेतलं.

राग मला अलीकडेच यायला लागला आहे. आधीही येत असणार, पण तेव्हा तो आत कुठेतरी विरघळून जायचा आणि संध्याकाळी नुसतं डोकं दुखायचं. वर्गात मिठाची गुळणी धरून बसणारी मुलगी म्हणजे मी. हजेरीला सुद्धा हात वर करायचे, ‘हजर’ म्हणायला नको म्हणून. मग गेल्या वर्षी भाषणाच्या स्पर्धेत जी बोलणार होती तिचा घसा बसला आणि नाटकवाल्या बाईंनी मला अक्षरशः पाठीत हात घालून स्टेजवर ढकललं. तोंड उघडलं आणि हा एवढा मोठा आवाज! सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून तो माझ्याकडे परत आला तेव्हा मीच दचकले. इतकी वर्षं हा माझ्यात होता आणि मला कुणी सांगितलं नाही! त्या दिवसापासून बाबा मला भोंगा म्हणतो. ‘भोंगा, जेवायला चल.’ ‘भोंगा, हळू, खालचे लोक झोपलेत.’ आणि आवाजाच्या पाठोपाठ राग आला, जसं नळ सोडल्यावर आधी हवा येते आणि मग गढूळ पाणी. माझी बस आली, तिच्यात मी दाराजवळ उभी राहिले, हाताला दांड्याचा लोखंडी वास, आणि पोटात बेंबीच्या जरा वर तो राग, गरम, गोल, कुणीतरी आत ठेवून विसरलेल्या इस्त्रीसारखा. कारण आज दुपारी आमच्याच शाळेच्या सभागृहात बाबाला पदक मिळणार होतं, त्याच हरणांसाठी, आणि ते कसं आनंदाचं आहे हे माइकवर सांगणार होते मी.

बाबा प्राणी मोजतो. लोकांना हे सांगितलं की ते हसतात आणि विचारतात, ‘आणि झोप लागते का मग?’ हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मीच आधी करून टाकते. शहराबाहेर दूरवर एक माळ आहे, नुसतं गवत, आणि दर हिवाळ्यात बाबा आणि त्याचा मित्र तिथं जीपमधून एका ठरलेल्या सरळ वाटेने जातात. डावी बाजू बाबाची, उजवी मित्राची. म्हणून त्यांना मी लहानपणापासून उजवे काका म्हणते, आणि ते स्वतःलाही तसंच म्हणतात, फोनवर सुद्धा. ‘उजवा बोलतोय गं, आहे का डावा घरात?’ हातात क्लिकर, दिसलं जनावर की अंगठा खाली. दोघांना ही खोड इतकी लागली आहे की तारेवर पक्षी बसले तरी दोघांचे अंगठे चालू होतात. एकदा एका लग्नात उजव्या काकांचा अंगठा चालू दिसला म्हणून बाबाने विचारलं, ‘काय मोजतोयस?’ तर म्हणाले, ‘टकलं.’ मोजणीचा नियम एकच, आपली बाजू सोडून दुसरीकडे बघायचं नाही. पण माळहरणाची एक गंमत आहे. गाडी आली की ते लांब पळत नाही. गाडीच्या बरोबरीने पळतं, शर्यत लावल्यासारखं, आणि मग एकदम वेग वाढवून गाडीच्या पुढून दुसऱ्या बाजूला जातं. का जातं? बाबा म्हणतो, वाघ-लांडग्यांच्या काळात लागलेली सवय असेल. उजवे काका म्हणतात, माज. तर डावीकडे मोजलेला कळप असा उजवीकडे गेला की बाबा ओरडायचा, ‘ओलांडले, धरू नको!’ आणि काकांचा अंगठा जिथल्या तिथे थांबायचा. उजवीकडून आले की काका ओरडायचे. मी लहान असताना हे दोघं घरी जेवतानाही तसंच करायचे. भाजीचं भांडं बाबाकडून काकांकडे गेलं की ‘ओलांडले, धरू नको!’ आणि आई म्हणायची, ‘धरा हो, पोटभर धरा, या घरात वाढपी मोजत नाहीत.’

मग खात्यात नवे साहेब आले आणि नवी गाडी आली. बंद काचांची, आतून थंड. क्लिकर गेले, कानाला लावायचा माइक आला. जे दिसेल ते पुटपुटायचं, यंत्र ऐकतं, यंत्रच लिहितं आणि यंत्रच बेरीज करतं. मधे दुसरा आवाज आला की यंत्राचा गोंधळ होतो, म्हणून गाडीत बोलायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. साहेबांनी गाडीत पाटी लावली होती, ‘शांतता’, इस्पितळात असते तशी. हे मी पाहिलं, कारण गेल्या मोजणीला मी त्या गाडीत मागच्या सीटवर होते. आई मावशीकडे गेली होती आणि मला एकटीला घरी ठेवायचं नव्हतं. बाहेर सगळं पिवळं, वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलेलं, आणि काचेमुळे त्याचा आवाज शून्य. एवढा मोठा माळ मुका करून टाकला होता. मग डावीकडे कळप आला. मी काचेला नाक लावलं. ते पळत होते म्हणजे काय सांगू, पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं, पोटं पांढरी, पाठी गवताच्याच रंगाच्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक नर, त्याचं डावं शिंग मुळापासून तुटलेलं. बाबाचे ओठ हलत होते. कळपाने वेग घेतला, गाडीच्या नाकासमोरून वळले, आणि मी काय बघते, तोच एकशिंगी उजव्या काचेत, आणि काकांचे ओठ हलताहेत! ‘बाबा, तोच!’ मी पुढे वाकून त्याच्या कानात कुजबुजले; काकांच्या कानाला यंत्र होतं, त्यांना ऐकू गेलं नाही. बाबाने मागे न वळता ओठांवर बोट ठेवलं. मी तसंच कुजबुजत म्हटलं, ‘अरे पण बाबा, काकांना सांग ना!’ बाबाने ते बोट तसंच ठेवलं, आणि आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला अजून दिसतं. त्याला माहीत होतं. दिवसभर हेच चाललं होतं, कळप येत होते, ओलांडत होते, दोनदा मोजले जात होते, आणि थंड गाडीत ड्रायव्हर धरून तीन माणसं शांतता पाळत होती. चौथी मी.

यंत्राने बेरीज केली आणि साहेबांच्या टेबलावर चमत्कार झाला. प्राण्यांना लोकांनी पायऱ्यांवर उभं केलेलं आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर जे संपलेच ते, मग अगदी जायला टेकलेले, मग धोक्यातले, अशा उतरत उतरत खाली शेवटची पायरी, ‘चिंता नाही’. आमचं माळहरीण बाबाच्या तरुणपणापासून धोक्याच्या पायरीवर होतं, म्हणून माळ राखीव होता आणि तिथं काही बांधायला बंदी होती. आता ते दोन पायऱ्या उतरून ‘चिंता नाही’वर आलं. कुणाला चिंता नाही? वाक्य बघा ना कसं आहे, त्यात माणूसच नाही. आणि चिंता नाही म्हणजे बंदीही नाही, म्हणजे माळाच्या बरोबर मधून मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण. आता हे उड्या मारणारं जनावर कुंपणावरून उडी मारत नाही. मारू शकतं, पण मारत नाही, ते खालून वाट शोधत जाळीच्या कडेकडेने फिरत राहतं, पाणी पलीकडे असलं तरी. भूगोलाच्या सरांनी वर्गात नकाशा दाखवला तेव्हा माळाच्या जागी पांढरा चौकोन होता. म्हणाले, ‘ही रिकामी जागा.’ मी उभी राहिले, ‘सर, ती रिकामी नाही.’ ‘बरं बाई, गवत आहे. खूष?’ वर्ग हसला. रिकामी! माझ्या पोटातली इस्त्री तेव्हाही अशीच तापली होती.

बाबाने साहेबांना सांगितलं नाही असं नाही. एकदा सांगितलं, दबक्या आवाजात, कॉरिडॉरमधे. साहेब म्हणाले, यंत्र चुकत नाही, आणि चांगली बातमी आली तर तुमच्या पोटात का दुखतं? एवढ्यावर बाबा घरी आला आणि गॅलरीत जाऊन बसला. काकांना तर त्याने सांगितलंही नाही, कारण ओलांडलेले कळप यंत्रच वजा करतं असं काकांना वाटत होतं, आणि ते या आकड्याने इतके खूष होते की त्यांनी आम्हाला फोनवर गाणं म्हणून दाखवलं. ‘त्याची सेवा संपतेय गं पुढच्या वर्षी,’ बाबा म्हणाला, ‘त्याला वाटतंय आपण वाचवलं त्यांना. कसं सांगू?’ मी म्हटलं, ‘तोंडाने.’ आई चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारते, हे बरं की हे? त्या रात्री जेवताना तिने बाबाला तसंच विचारलं. ‘तू गप्प बसलास आणि रस्ता झाला, हे बरं दिसतं? की तू बोललास आणि पदक गेलं, हे?’ बाबा म्हणाला, ‘दोन्ही धूसर आहे.’ ‘मग नंबर वाढलाय तुझा,’ आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ‘पुढच्या वेळी नीट मोजू, भोंगा,’ बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘पुढच्या वेळी तिथं रस्ता असेल, बाबा! तू रस्त्यावरून जाशील आणि ट्रक मोजशील!’ ‘हळू. खालचे लोक...’ ‘खालच्या लोकांना पण कळू दे!’ मी पाच-सहा वर्षांची असताना बाबाने मला गवतात लपलेलं माळहरणाचं पिल्लू दाखवलं होतं. कान मागे चिकटवलेले, मान जमिनीवर, डोळे उघडे आणि अंग दगडासारखं. त्याची आई दूर उभी राहून भलतीकडेच बघत होती, जणू आपला काही संबंध नाही, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. ‘हलायचं नाही, हेच त्याचं शस्त्र,’ बाबा माझ्या कानात म्हणाला होता, आणि त्याच्या श्वासाने माझा कान गरम झाला होता. मला ते इतकं आवडलं की मी पुढची कित्येक वर्षं तेच करत राहिले, वर्गात, लग्नांत, पाहुण्यांसमोर. पण अरे, ते पिल्लू! दोन-तीन आठवड्यांत तेसुद्धा उठून पळायला लागतं. आणि हा बाबा केसांत पांढरं आलं तरी गवतात मान टाकून पडलेला.

दुपारी सभागृहात रंगाचा, घामाचा आणि नव्या सतरंजीचा वास भरला होता. नाटकवाल्या बाईंनी नाच बसवला होता, ‘माळावर परतले आनंदी कळप’. त्यासाठी आठ मुली, तपकिरी कपडे, पुठ्ठ्याचे मुखवटे. मुखवट्यांनाही शिंगं, आठच्या आठ. मी बाईंना तालमीतच सांगितलं होतं, ‘बाई, माद्यांना शिंगं नसतात.’ ‘मग प्रेक्षकांना ती शेळी वाटेल गं,’ बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. आठ मुलींचा कळप काही दिसायला भरत नव्हता. तर बाईंनी काय करावं? मुली डावीकडून पळत येतात, स्टेजभर उड्या मारतात, उजवीकडे आत जातात, आणि मागच्या निळ्या पडद्याआडून वाकून, दबकत, पुन्हा डावीकडे येऊन परत स्टेजवर! थांबायचंच नाही. पुढून बघणाऱ्याला वाटतं, हरणं संपतच नाहीत. तालमीत पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझे कान तापले. मी बाईंकडे पाहिलं, त्या स्वतःवर खूष होऊन टाळ्या वाजवत होत्या. माझी मैत्रीण टिकली त्या कळपात होती. मागून पळून पळून तिला धाप लागली होती. ती म्हणाली, ‘काय बावळटपणा आहे, मी एकटीच निदान वीस हरणं झाले आज.’ माझी जागा कोपऱ्यात, माइकपाशी. माझ्या कानाशीच भिंतीवर एक खुंटी, तिला मागच्या पडद्याची दोरी गुंडाळलेली. बाईंनी बजावलं होतं, ‘माइक धर, वाक्य म्हण, आणि त्या दोरीला हात लावू नकोस, अख्खा पडदा सरकेल.’ वाक्य होतं, ‘आणि बघता बघता माळ पुन्हा भरून गेला!’

पहिल्या रांगेत मधे साहेब, त्यांच्या बाजूला बाबा, बाबाच्या उजवीकडे अर्थातच उजवे काका, आणि आई कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाबाच्या कोटावर पदक लागलेलं होतं आणि त्याने हनुवटी अशी आत घेतली होती की ते दिसू नये. मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा आणखी राग आला. दिवे मंदावले, ढोलकं वाजलं, मुली आल्या. टिकली सगळ्यात पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुली उजवीकडे गेल्या, निळ्या पडद्याआड अगदी बारीक पावलांची सळसळ झाली, जी फक्त मला ऐकू येत होती, आणि त्या डावीकडून पुन्हा आल्या. टाळ्या वाढल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या गुडघ्यावर त्यांचा अंगठा चालू होता! तोंडावर इतकं निर्मळ हसू, लहान मुलाचं, आणि अंगठा आपला दाबतोय, दाबतोय, प्रत्येक मुलीला एक. त्यांना माहीतच नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नाही. आणि त्यांच्या शेजारी ज्याला माहीत आहे तो स्वतःच्या बुटांकडे बघतोय. बाईंनी आतून हात हलवला, म्हण, म्हण! मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, पाठ होतं, आणि मी ते म्हणाले नाही. पोटातून, इस्त्रीच्या जागेवरून, दुसरंच काहीतरी वर आलं आणि भोंग्यासारखं सभागृहभर गेलं : ‘ओलांडले, धरू नको!’

कुणाला काही कळलं नाही, काकांना सुद्धा ती घरच्या जेवणातली थट्टाच वाटली. बाई कुजबुजल्या, ‘अगं काय बोलतेस?’ मुली पुन्हा उजवीकडे आत गेल्या. मी पुन्हा ओरडले, ‘ओलांडले, धरू नको!’ आणि दोरीला हात घातला. काथ्याने तळवा सोलला गेला, पण पडदा गेला, सरसर, सगळाच. आणि मागे आठ मुली, कमरेत वाकून, दबकत, तोंडावर बोट ठेवून एकमेकींना गप्प करत पळत होत्या. टिकलीचा मुखवटा डोक्यावर, एक बूट पायात आणि एक हातात. ती थांबली, उजेडाकडे बघून तिने डोळे मिचकावले.

मला वाटलं होतं, आता सगळे गप्प होतील. पण सभागृह हसलं! असं हसलं की खुर्च्या वाजल्या. साहेब डोळे पुसत हसत होते, बाबाच्या मांडीवर थाप मारत म्हणाले, ‘वा! पोरींनी विनोदी छान बसवलंय हो!’ टिकलीला वाटलं आपण जिंकलो, तिने वाकून नमस्कार केला, आणखी टाळ्या. मी माइकच्या दांड्याला धरून उभी, आणि माझे डोळे भरून आले, निव्वळ संतापाने. खरं अगदी उघडं, धापा टाकत, एका बुटात त्यांच्यासमोर उभं होतं आणि ते हसत होते. आवाज असून काय उपयोग? मी इतकी मोठ्याने ओरडले आणि मी अजून त्याच गाडीत होते, काचेला नाक लावून.

आणि मग त्या हसण्यातून बाबाचा आवाज आला. खूप वर्षांत न वापरलेला, गंजलेला, सुरुवातीला नुसती खरखर. ‘ओलांडले!’ तो उभा होता. त्याचं तोंड साहेबांकडे नव्हतं, लोकांकडे नव्हतं, उजवीकडे वळलेलं होतं. ‘धरू नको रे! हाच तो कळप! गेल्या मोजणीत... मी सगळं पाहत होतो, आणि ओरडलो नाही.’ हसणं पहिल्या रांगेपासून मागे मागे विझत गेलं. काकांचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, कुणी उचलायला विसरल्यासारखं. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो हळूच मुठीत घेतला. ‘म्हणजे माझ्या बाजूचे,’ ते म्हणाले, ‘माझे नव्हतेच?’ ‘नव्हते,’ बाबा म्हणाला. ‘बसा हो,’ साहेब दातांतून म्हणाले. बाबा बसला नाही. आई कडेच्या खुर्चीवरून उठली, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि तीही उभी राहिली. पण मागच्या रांगेत कुणीतरी शेजारच्याला विचारत होतं, ‘काय म्हणाले? काय झालं?’ आणि मला दिसत होतं, आणखी एका क्षणात ढोलकं वाजेल, बाई पडदा ओढतील, आणि कुणीतरी म्हणेल, कार्यक्रम छान झाला. माझा राग काही गेला नव्हता. गाडीत ओठांवर ठेवलेलं ते बोट मला अजून दिसत होतं. मी माइक दांड्यावरून ओढून काढला, स्टेजच्या कडेला गेले, गुडघ्यावर बसले आणि तो खाली बाबापुढे धरला.

‘बाबा,’ मी म्हणाले, ‘मागे ऐकू गेलं नाही. परत सांग.’